भिंतीपलीकडचा ठेका

मास्तरांनी पुढच्या खोलीला कुलूप लावलं आणि पुढच्याच सोमवारी त्यांची मेहुणी दारात येऊन उभी राहिली. खांद्याला पिशवी, पायात कापडी बूट, कपाळावर आठ्या.

"किल्ली द्या, भाऊजी."

"कसली?"

"वेड पांघरू नका. खोलीची. आज बायका येणारेत."

"बायकांना सांग, वर्ग बंद झाला. जिचा होता ती गेली."

"ती गेली, बायका नाही ना गेल्या. त्यांचे गुडघे आहेत तिथेच आहेत."

मेहुणीला घरात सगळे धाकटी म्हणत. केस निम्मे पांढरे झाले तरी ती धाकटीच राहिली होती. इस्पितळाच्या धुलाईघरात ती मुकादम होती. दिवसभर यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायचं, त्यामुळे तिने नुसती वेळ विचारली तरी भांडण काढल्यासारखं वाटे. खरंच भांडायला लागली की शेजारचे खिडक्या लावून घेत.

मास्तर दारातून बाजूला झाले नाहीत. "त्या खोलीत मी कपाटं करणार आहे. स्वरलेखनाच्या वह्या, पुस्तकं ठेवायला. आणि मला घरात शांतता हवी आहे."

"तुम्ही शिकवता तेव्हा शांतता असते का?"

"मी शिकवतो ते संगीत आहे."

"आणि ताई लावायची ते?"

"ते काय होतं ते तुला माहीत आहे. तिलाही माहीत होतं. उगाच तोंड उघडायला लावू नकोस."

पण धाकटी तेवढ्याचसाठी आली होती. ती सरळ आत घुसली आणि कुलूपबंद दाराला पाठ लावून उभी राहिली. "उघडा की तोंड. आज होऊन जाऊ दे."

घर तळमजल्यावरचं. पुढे एक मोठी खोली, मागे एक, आणि मध्ये फळ्यांवर गिलावा चढवलेली भिंत. मागच्या खोलीत मास्तर व्हायोलिन शिकवत. पुढच्या खोलीत त्यांची बायको उतारवयातल्या बायकांचा नाचाचा वर्ग घेई. नाच नावालाच, तो व्यायाम होता. कंबर सोडवायची, खांदे फिरवायचे, गुडघ्यांना वंगण घालायचं, आणि हे सगळं टेपरेकॉर्डरवर लावलेल्या बाजारी गाण्यांच्या तालावर. सुरुवातीला दोघांच्या वर्गांचे दिवस वेगळे होते. मग रोजच कुणाचा ना कुणाचा आवाज होई आणि रोजच कुणी ना कुणी वैतागे. शेवटी बायको म्हणाली, "अहो, दोघांचा गोंगाट एकदाच उरकून टाकू. बाकीचे दिवस माणसासारखं जेवू तरी." तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी, दोन्ही वर्ग एकाच वेळी.

मास्तरांना 'गोंगाट' हा शब्द झोंबला होता. स्वतःच्या बाबतीत.

त्यांचं मत ठाम होतं आणि ते त्यांनी लग्नाच्या आधीपासून बाळगलं होतं. संगीताच्या सगळ्या तऱ्हा सारख्या नसतात. एक श्रेष्ठ असते, बाकीच्या तिच्या खाली, आणि अगदी तळाला ती ढुमढुम गाणी, जी बायको लावत असे. हे ते मित्रांमध्ये म्हणत, विद्यार्थ्यांना सांगत, जेवताना म्हणत. बायको ताटातून मान वर न करता म्हणायची, "बरं. भाजी वाढू का?" मास्तर समजत, पटलं.

"बोला ना," धाकटी म्हणाली. "श्रेष्ठ कशावरून?"

"एक गत नीट वाजवायला वर्षं जातात. तुझ्या गाण्यावर हात हलवायला किती वेळ लागतो? आज आलं, आज जमलं."

"म्हणजे जे अवघड ते श्रेष्ठ? मग आमच्या धुलाईघरातला बॉयलर सगळ्यात श्रेष्ठ. तो चालवायला शिकताना दोन माणसं पळून गेली."

"फाजीलपणा नको. माझं संगीत शेकडो वर्षं टिकलंय. तुझी गाणी पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाहीत."

"ढेकूणही टिकलेत शेकडो वर्षं."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "चांगलं-वाईट असं काही नसतंच म्हणायचंय का तुला? नसेल तर मी शिकवतो कशाला? पोरगं बेसूर वाजवतं तेव्हा त्याला काय सांगू, वाजव बाबा, सगळं सारखंच?"

हा मुद्दा धाकटीला लागला. तिने पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. मग म्हणाली, "बेसूर व्हायोलिन आणि सुरात व्हायोलिन, यातला फरक मलाही कळतो. तो मी नाकारत नाही. पण व्हायोलिन आणि ताईचा नाच एका तराजूत कशाला घालता? आणि तराजू कुणाचा? तुमचा. वजनंही तुमचीच. मग पारडं तुमच्याकडेच झुकणार."

"तराजू कुणाचाही घे. सूर घे, लय घे. ती टेप धड सुरातही नव्हती. पट्टा सैल झालेला, गाणं अर्धा सूर उतरलेलं. कितीदा म्हटलं, दुरुस्त कर. दुरुस्तीवाला म्हणाला, नवा पट्टा टाकला की झालं. तिने टाकू दिला नाही. जिला उतरलेला सूर कळत नाही—"

"ताईबद्दल नीट बोला!"

"मी नीटच बोलतोय."

"तुम्ही तिच्याबद्दल कधीच नीट बोलला नाहीत." धाकटीचा आवाज आता धुलाईघरातला झाला. "तुमच्या प्रत्येक कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत बसायची. इस्त्रीचे कपडे घालून, पाठ ताठ करून. तुम्ही एकदा तरी, गाणं चालू असताना, हा उंबरा ओलांडलात?"

"मला भिंतीतून सगळं ऐकू येत होतं."

"ऐकू तर कुत्र्यालाही येतं."

यावर मास्तरांनी जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. धाकटीने उलट जे दिलं तेही नाही. बाहेर दोन-तीन बायका पिशव्या घेऊन आल्या होत्या, त्या पायरीवरूनच मागे वळल्या.

शेवटी मास्तर म्हणाले, "पुढच्या सोमवारी माझ्या विद्यार्थ्यांची वार्षिक बैठक आहे. ये. गप्प बसून ऐक. लय म्हणजे काय ते तुला कळेल. ऐकल्यावर, तुझ्या ढुमढुमला याच्या शेजारी बसायचा हक्क आहे असं तुला वाटलं, तर तोंडावर सांग आणि किल्ली घेऊन जा. नाहीतर पुन्हा या दाराशी यायचं नाही."

"येते," धाकटी म्हणाली. "आणि वाटेल तेच सांगेन. तुमची भीड नाही मला."

मास्तर बेफिकीर होते त्याला कारण होतं. त्यांच्या विद्यार्थ्यांची लय पक्की होती. इतर शिक्षक टकटक करणारं मेट्रोनोम लावून शिकवत. मास्तरांनी ते यंत्र आयुष्यात वर्गात आणलं नाही. ते म्हणत, लय यंत्रात नसते, अंगात असते, आणि ती मी अंगात उतरवतो. वार्षिक बैठकही सोमवारी, पलीकडे बायकोचा वर्ग चालू असतानाच होई. मास्तर पालकांना अभिमानाने सांगत, "बघा, एवढ्या आवाजातही माझी मुलं लय सोडत नाहीत." त्या एका दिवशी तरी वर्ग बंद ठेव, असं ते बायकोला दरवर्षी म्हणत. ती दरवर्षी म्हणे, "असू दे हो. त्यांना सवय आहे."

बाहेरच्या परीक्षांना मात्र हेच विद्यार्थी बेताचे गुण आणत. मास्तर म्हणत, परीक्षक गाढव आहेत.

बायको हिवाळ्यात गेली. ताप आला, छातीत उतरला, आणि संपलं. काही आठवडे मास्तरांनी शिकवणं बंद ठेवलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा विद्यार्थी ढेपाळल्यासारखे वाटले. कुणी मध्येच धावे, कुणी रेंगाळे. सुट्टीने सुस्तावलेत, मास्तरांनी मनाशी म्हटलं. बैठकीपर्यंत येतील वळणावर. दरवर्षी येतात.

बैठकीच्या दिवशी मागची खोली भरली. पालक भिंतीलगत खुर्च्यांवर. धाकटी दाराजवळ, हाताची घडी घालून, सावज हेरणाऱ्या मांजरीसारखी. पहिल्यांदा घरात इतकी शांतता होती की व्हायोलिनच्या गजाला राळ घासल्याचं ऐकू येत होतं. मास्तरांना ते आवडलं. असंच हवं होतं इतकी वर्षं, ते मनात म्हणाले.

पहिली मुलगी उभी राहिली. चार ओळी बऱ्या गेल्या. पाचवीला ती पुढे सरकली, सहावीला आणखी पुढे, आणि शेवटाला पोचली तेव्हा ट्रॅमच्या मागे धावल्यासारखी दम खात होती. दुसऱ्याने संथ गत इतकी संथ केली की त्याच्या आईने जांभई दाबली. मग तिघांनी मिळून वाजवायचं होतं. तिघं तीन वाटांनी गेले. मास्तरांनी हात वर केला, थांबवलं, पुन्हा सुरू करायला लावलं. पुन्हा तेच. मुलं मास्तरांकडे बघत नव्हती. वाजवता वाजवता ती मान किंचित डावीकडे वळवत होती, भिंतीकडे, आणि गोंधळून परत समोर बघत होती.

शेवटी दातांची डॉक्टरीण उठली. ती मास्तरांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, वयाने मोठी, हाताने स्थिर. सगळ्यांना शिकवून दमलं की मास्तर तिला वाजवायला लावून स्वतः ऐकत बसत. तिने तारांवर गज टेकवला, दोन ओळी वाजवल्या आणि थांबली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"जमत नाहीये, मास्तर."

"का?"

तिने भिंतीकडे बोट केलं. "तिकडे बंद आहे ना."

"मग? आता तर नीट ऐकू येतंय."

"तेच तर. मी कायम त्या ठेक्यावर वाजवलंय. आम्ही सगळ्यांनीच. आम्हाला वाटायचं तुम्हाला माहीत आहे. कॅसेटची पहिली बाजू सुरू झाली की तुम्ही आम्हाला सावकाश सरगम द्यायचात. गाणी चढली की गत. बाजू संपून खट् झालं की तुम्हीच म्हणायचात, पान उलटा."

एका बापाने उगाच घसा साफ केला.

मास्तरांनी धाकटीकडे पाहिलं. त्यांना वाटलं, ही आता हसणार, आणि मी हिला हाताला धरून बाहेर काढणार. पण धाकटी हसली नाही. तिलाही हे नवीनच होतं. तिचं तोंड आधी उघडं राहिलं आणि मग संतापाने आवळलं गेलं.

"म्हणजे तुमच्या पोरांना ताल ताईने शिकवला," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिला जन्मभर, तुला काही कळत नाही, हे ऐकवलंत."

"निघा," मास्तर म्हणाले. "सगळे निघा. बैठक संपली."

"माझी किल्ली?"

"निघ म्हणालो ना!"

धाकटी गेली, पण जाताना दार असं आपटलं की टांगलेल्या व्हायोलिनच्या तारा गुणगुणल्या.

त्या आठवड्यात मास्तरांनी मेट्रोनोम आणलं. विद्यार्थ्यांनी त्याच्यावर वाजवलं, आणि ते बरोबर होतं, आणि ऐकवत नव्हतं. खिळे ठोकल्यासारखं. डॉक्टरीण म्हणाली, "मास्तर, या यंत्राला श्वास नाही." मास्तर तिच्यावर ओरडले. सगळ्यात जुन्या विद्यार्थिनीवर ते पहिल्यांदाच ओरडले होते. तिने शांतपणे व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही ताईंवर रागावलाय. दातात कळ असली की लोक डॉक्टरचा हात चावतात, ते मला माहीत आहे. पण मी इथे चावून घ्यायला येत नाही." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी कुलूप काढलं.

खोलीत कोंदट वास होता. एका भिंतीला मोठा आरसा, त्याच्यासमोर खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर जुन्या टॉवेलची पट्टी बांधलेली, धरायला. जमिनीवर खडूच्या खुणा, पुसट झालेल्या, जिथे पाय ठेवायचे तिथे. इतक्या जवळजवळ! मास्तर एका खुणेवर उभे राहिले आणि पुढच्या खुणेवर पाय टाकून पाहिला. अर्धं पाऊलही नव्हतं. यापेक्षा मोठं ज्यांना टाकता येत नाही, त्यांच्यासाठी ते आखलेलं होतं.

टेपरेकॉर्डर स्टुलावर होता. आत कॅसेट तशीच, शेवटच्या वर्गाची. त्यांनी ती उलटी गुंडाळून सुरुवातीला नेली, बटण दाबलं आणि बायकांच्या एका खुर्चीवर बसले.

गाणं भिकार होतं. चाल चार ओळींची, तीच पुन्हा पुन्हा, गाणारा नाकातून गाणारा. सूर उतरलेला, अगदी अर्धा, त्यांचा कान चुकत नव्हता. पुढचं गाणं त्याहून वाईट. मास्तर वाट बघत होते, आपल्याला काहीतरी सापडेल, इतकी वर्षं न दिसलेलं एखादं सौंदर्य. तसं काही सापडलं नाही. पण सैल पट्ट्याने गाणं जितकं उतरलं होतं तितकंच रेंगाळलंही होतं. त्या संथ लयीत मोडके गुडघेही उचलता आले असते. आणि मास्तरांना त्यातला प्रत्येक ठोका पुढे कुठे पडणार ते माहीत होतं. एकही गाणं त्यांनी कधी लावलं नव्हतं, आणि प्रत्येक गाणं त्यांना पाठ होतं.

पहिली बाजू संपली. खट् झालं.

"पान उलटा," मास्तर मोठ्याने म्हणाले.

समोर आरशात एक म्हातारा खुर्चीवर बसला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. असू दे हो, त्यांना सवय आहे, ती म्हणायची. म्हणजे तिला माहीत होतं. सगळं माहीत असून ती ताटातून मान वर न करता भाजी वाढू का विचारायची. मास्तरांना तिचा असा राग आला, इतका राग आला, की ती समोर असती तर ते भांडले असते. पण भांडायला ती नव्हती, आणि ते तिथेच बसून बराच वेळ रडले.

मग ते धुलाईघरात गेले. वाफेत, यंत्रांच्या आवाजात, चादरींच्या ढिगाशी धाकटी उभी होती. त्यांनी किल्ली तिच्यासमोर धरली.

"काय म्हणायचंय?" ती ओरडली.

"काही नाही. ही घे."

"माफी मागायला आलात?"

"नाही!" मास्तरांनाही ओरडावं लागलं.

"मग जा! काम आहे मला!" तिने किल्ली घेतली, खिशात टाकली आणि पाठ फिरवली.

डॉक्टरिणीची मात्र मास्तरांनी माफी मागितली, दवाखान्यात जाऊन, पेशंट बसलेले असताना.

सोमवारी बायका आल्या. धाकटीने नवा स्पीकर आणला होता, मुठीएवढा. मागच्या खोलीत मास्तरांनी डॉक्टरिणीला आणि दोन मुलांना उभं केलं. भिंतीपलीकडे गाणं सुरू झालं, आणि मास्तर दचकले. गाणं तेच, सूर अगदी बरोबर, स्वच्छ, आणि वेग असा की मुलं त्याच्यामागे फरफटत गेली. एकाचा गज तारेवरून घसरला.

मास्तरांनी मूठ वळली आणि भिंतीवर हाणली. इतक्या वर्षांत, इतकं चिडूनही, त्यांनी भिंतीवर कधी हाणलं नव्हतं.

गाणं बंद झालं. धाकटी दारात आली, घामाघूम. "आता काय? किल्ली परत हवी?"

"हळू लाव."

"आवाज?"

"गाणं."

"गाणं आहे तेवढ्याच वेगाचं आहे, भाऊजी. तुम्हालाच सगळं अचूक लागतं ना? घ्या, आता अचूक आहे."

"तिचं असं नव्हतं. तुझ्या बायकांना तरी झेपतंय का ते विचार."

धाकटीने मागे वळून पाहिलं. पुढच्या खोलीत दोघी जणी आधीच खुर्चीवर बसून गुडघे चोळत होत्या. मास्तर तिच्या बाजूने पुढच्या खोलीत गेले. गाणं मोडून आलेला मास्तर बायका पहिल्यांदाच बघत होत्या. मास्तरांनी तो मुठीएवढा स्पीकर काढून बाजूला ठेवला आणि कोपऱ्यात ढकललेला टेपरेकॉर्डर उचलून स्टुलावर आणला.

"हा लाव."

"याचा पट्टा गेलाय असं तुम्हीच म्हणता."

"गेलाय. तसाच राहू दे. हात लावायचा नाही त्याला."

धाकटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग आता सगळ्यांसमोर म्हणा. ताईचं संगीत तुमच्याइतकंच चांगलं होतं."

"नाही म्हणणार."

"का?"

"कारण नव्हतं. भिकार होतं, आजही आहे. किल्ली देण्याआधी बसून ऐकलंय मी, अख्खी बाजू."

"मग तुमचं श्रेष्ठ?"

"श्रेष्ठ."

"मग भिंतीवर कशाला हाणता?"

मास्तर टेपरेकॉर्डरची वायर सरळ करत वाकून राहिले. एक म्हातारी खुर्चीवरून म्हणाली, "अगं, लाव बाई. तुमचं भांडण आटपेपर्यंत माझे पाय आखडतील."

"किती दिवस चालणार हे?" धाकटीने खालच्या आवाजात विचारलं. तिचा खालचा आवाज मास्तरांनी पहिल्यांदा ऐकला.

"पट्टा टिकेल तोवर."

"आणि मग?"

"मग बघू. मग भांडू."

"त्याला मी कायम तयार आहे," धाकटी म्हणाली आणि बटणावर बोट ठेवून थांबली. "निघा आता. बायकांच्या वर्गात पुरुष चालत नाहीत."

मास्तर मागच्या खोलीत आले, दार लावलं. डॉक्टरिणीने गज उचलला होता.

"थांबा," मास्तर म्हणाले.

भिंतीतून आधी फरफर आली, मग ते गाणं, नाकातलं, अर्धा सूर उतरलेलं, पाय ओढत चाललेलं. मास्तरांनी तोंड वाकडं केलं. चार ठोके जाऊ दिले.

"हं," ते म्हणाले. "आता."